प्रति: महामार्गाने पाणी अडवलं तर जमीनमालकाने करायचं काय?

'सरकारी रस्त्यापुढे जमीनमालकाचं काही चालत नाही' हे वरचं मत मला पटत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, विनी गावाजवळच्या डेव्हिलियर या जमीनमालकाचं प्रकरण बघा. तिथे आय-१० महामार्गाच्या मधोमध सुमारे ३ फूट उंचीची सलग काँक्रीट भिंत उभारली, वादळात दक्षिणेकडच्या लेन चालू राहाव्यात म्हणून. पण पावसाचं पाणी उतरायचं तिकडेच! भिंतीचं धरण झालं. २०१७ च्या हार्वे वादळात आणि २०१९ च्या इमेल्डा वादळात उत्तरेकडची शेतं बुडाली, गुरं दगावली. हा मला शुद्ध अन्याय वाटतो. जमीनमालकांनी भरपाईसाठी दावा लावला. टेक्सास राज्याचं म्हणणं, अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आधारे थेट दावाच लावता येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न बाजूला ठेवला आणि टेक्सासच्या कायद्याखाली भरपाईचा दावा पुढे चालू द्या, असं एकमताने सांगितलं.