सल्ला हवा: आई-बाबा आणि मुलांसोबत जोशुआ ट्रीमध्ये दोन दिवस

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात आयर्व्हाइनला राहतो. पुण्याहून माझे आई-बाबा आले आहेत, डिसेंबरअखेर परत जातील. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी त्यांना इथल्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कला न्यायचा विचार आहे. आम्ही दोघं तिथे कधीच गेलेलो नाही.

बाबा ६८ वर्षांचे, तब्येत ठणठणीत. कित्येक वर्षं दर रविवारी सिंहगड चढायचे, कळसूबाई तीनदा झालंय. त्यांना निदान एक तरी खरा चढ हवा आहे. आईचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर आरामात चालते, उतार आणि पायऱ्या आल्या की त्रास होतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५. आईचं म्हणणं, "वाळवंटात बघायला काय असणार?" तिला आवडावं अशी माझी फार इच्छा आहे.

कुठल्या पायवाटा कराव्यात? तंबू की हॉटेल? जेवणाचं काय? ऑफिसमधले एकजण डेथ व्हॅलीलाच जा म्हणताहेत, ते दोन दिवसांत जमेल का?

सातपुडा

डेथ व्हॅली दोन दिवसांत नको. आयर्व्हाइनहून तिथल्या फर्नेस क्रीक या मुक्कामाच्या ठिकाणी एका बाजूने साडेचार-पाच तास लागतात, आणि आतही एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला तास-तास गाडी चालवावी लागते. बॅडवॉटरला समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली उभं राहणं हा अनुभव मोठाच आहे, पण त्यासाठी तीन पूर्ण दिवस ठेवा. काकूंचा गुडघा आणि पाच वर्षांचं मूल बघता जोशुआ ट्रीच बरोबर. तुमच्याकडून अडीच तासांत पोचाल.

कातळवेडा

ताई, मी सॅन डिएगोला असतो, गेली अकरा वर्षं दर हिवाळ्यात तिथे जातो. जरा सविस्तर लिहितो.

आधी पाणी. आपण सह्याद्रीत चढलेली माणसं इथे हमखास एक चूक करतो. राजगड चढताना अंगातून घाम निथळतो, शर्ट ओला होतो, त्यामुळे पाणी प्यायची आठवण शरीरच करून देतं. वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, म्हणून आपल्याला वाटतं काही झालंच नाही. मग दुपारी डोकं दुखायला लागतं. तहान लागायची वाट बघू नका, मुलांना दर वीस मिनिटांनी दोन घोट पाजा. पार्कवाले माणशी दिवसाला निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर सांगतात. तुम्ही सहाजण, दोन दिवस, म्हणजे बारा गॅलन. पाच गॅलनचे दोन कॅन आणि वर बाटल्या, एवढं गाडीत ठेवाच. पार्कच्या आतल्या भागात नळ नाही, पेट्रोल नाही, खायला काही मिळत नाही. पाणी मिळतं ते पश्चिमेचं प्रवेशद्वार, ब्लॅक रॉक, इंडियन कोव्ह, कॉटनवुड अशा कडेच्या जागी. फोनलाही आत बहुतेक ठिकाणी रेंज नसते, नकाशा घरूनच उतरवून घ्या. अडचण आलीच तर हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडसमोर इंटरसेक्शन रॉकपाशी आणीबाणीचा फोन आहे.

आता दिवस कसे लावायचे. तुमच्या तारखेच्या आधीच घड्याळं एक तास मागे गेलेली असतील. सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो, म्हणजे सकाळ वाया घालवून चालणार नाही. साडेपाचला घर सोडा, वाटेतल्या युका व्हॅली गावात पेट्रोल आणि लागेल ते सामान घ्या, आठच्या आत पश्चिमेच्या फाटकातून आत शिरा. गाडीमागे ३० डॉलर पडतात, तो पास सात दिवस चालतो. दहानंतर शनिवारी या फाटकाशी मोठी रांग लागते आणि हिडन व्हॅलीचा वाहनतळ भरून जातो.

पहिली हिडन व्हॅलीच करा. एक मैलाचं वर्तुळ आहे. चहूबाजूंनी खडकांच्या भिंती, मधे वाडग्यासारखी सपाटी. सुरुवातीला ओबडधोबड दगडी पायऱ्या आहेत, तिथे काकूंना हात द्यावा लागेल. हंपी पाहिलं असेल तर हे खडक बघून तेच आठवेल. जातकुळी तीच, ग्रॅनाइटची. जमिनीखाली असतानाच पाण्याने त्यांच्या भेगा रुंदावल्या, कोपरे झिजले, आणि वरची माती वाहून गेल्यावर हे गोल गुंड उघडे पडले. आपल्या थरांच्या बसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना ते फार वेगळं वाटतं. काकांशी यावर बोला, त्यांना रस वाटेल.

मग बार्कर डॅम, सव्वा मैलाच्या आसपास, बहुतेक सपाट. गुरं पाळणाऱ्यांनी १९०० च्या सुमारास पाणी अडवायला बांधलेला छोटा बंधारा आहे. नोव्हेंबरात कोरडा असण्याचीच शक्यता जास्त, पण गडावरचं टाकं बघताना आपण जसं पाणी कुठून येत असेल ते शोधतो, तसं इथेही बघण्यासारखं आहे. काकू दमल्या असतील तर त्याऐवजी कॅप रॉक: अर्ध्या मैलाहून कमी, सपाट, चाकाची खुर्चीसुद्धा जाते.

सूर्यास्ताला कीज व्ह्यू. गाडी थेट वर जाते, उंची ५,१८५ फूट. खाली कोचेला खोरं, डावीकडे लांब सॉल्टन सी, समोर सॅन हासिंटोचा डोंगर, आणि खोऱ्यात आडव्या पसरलेल्या टेकड्या दिसतात ती सॅन अँड्रियास भ्रंशाची (भूकंप घडवणाऱ्या जमिनीतल्या मोठ्या भेगेची) रेघ. वारा बोचरा असतो, काकूंना कानटोपी आणि शाल हवीच. दुपारी २० अंशांच्या आसपास असलेलं तापमान पहाटे ५-६ वर येतं.

रविवारी काकांचा चढ: रायन माउंटन. जाऊन-येऊन तीन मैल, हजार-साडेदहाशे फूट चढ. माथा ५,४५७ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास तेवढीच उंची! फक्त सुरुवातच चार हजारांच्या वर होते, त्यामुळे चढ कळसूबाईच्या निम्माही नाही. पायवाट बांधलेली आहे, चुकायची भीती नाही, पण सावली नावाला नाही. साडेसातला सुरू करा, दहापर्यंत खाली. एक नियम काकांना आवर्जून सांगा: बाटली अर्धी झाली की, कुठेही असलात तरी, परत फिरायचं.

तोवर बाकीच्यांनी स्कल रॉकला जायचं. मुलं खडकांवर चढण्यात दोन तास सहज काढतील. मग सगळे मिळून पिंटो बेसिन रोडने दक्षिणेला उतरा. हा रस्ता मला सगळ्यात प्रिय आहे. या पार्कात दोन वाळवंटं भेटतात, वरचं थंड मोहावी आणि खालचं उष्ण कोलोराडो. गाडी खाली उतरते तशी जोशुआची झाडं विरळ होत संपतात, हवा बदलते, क्रिओसोटची झुडपं लागतात आणि मग एकदम चोया निवडुंगांची बाग. पाव मैलाची सपाट वाट आहे. उन्हं तिरकी असतील तर प्रत्येक काटा उजळतो. तिथून कॉटनवुडमार्गे आय-१० महामार्गावर आलात की घर. आलेल्या रस्त्याने परत जाऊ नका, अर्धं पार्क बघायचं राहून जातं.

मिरजोळी

कातळवेडा दादांनी चोयाचं सांगितलं, पण त्यात एक भर. गाडीत मोठ्या दातांचे दोन कंगवे ठेवा. चोयाला उडी मारणारा निवडुंग म्हणतात. तो उडी मारत नाही, पण त्याचे तुकडे नुसता धक्का लागला तरी सुटून चिकटतात, आणि काट्याला सूक्ष्म उलटे आकडे असतात. आमचा मुलगा चार वर्षांचा असताना एक तुकडा त्याच्या पोटरीला लागला. मी घाबरून बोटांनी ओढायला गेले आणि माझाही हात अडकला. शेवटी शेजारच्या एका बाईंनी कंगवा तुकड्याच्या खाली सरकवला आणि एका झटक्यात तो उडवला. पाच वर्षांच्या मुलाचा हात तिथे अजिबात सोडू नका, आणि बंद बूट घाला.

तंबूचं म्हणाल तर जंबो रॉक्स कॅम्पग्राउंड खडकांच्या कुशीत आहे, १२४ जागा आहेत, पण पाणी नाही, शौचालयं फ्लशशिवायची, आणि आरक्षण सहा महिने आधी उघडतं. काकूंना रात्री उठावं लागत असेल तर गुडघा आणि थंडी दोन्हींचा विचार करून ट्वेंटीनाइन पाम्समध्ये हॉटेलच घ्या. उत्तरेचं फाटक तिथून जवळ आहे आणि गर्दीही कमी.

जेवण घरून. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही वेगळं, थर्मासात चहा आणि भरपूर खारे दाणे नेतो. नुसतं पाणी पीत राहू नका, मीठही पोटात गेलं पाहिजे. लिंबू-मीठ-साखरेची एक बाटली काकूंच्या हातात द्या.

मुलीला ज्युनियर रेंजरची पुस्तिका आधीच घेऊन द्या. पानं भरली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात. आमची लेक त्या बिल्ल्यासाठी दोन दिवस सगळीकडे सगळ्यांच्या पुढे होती.

उंबरठा

झाडांबद्दल एक विनंती. मुलांना जोशुआच्या फांद्यांना लोंबकळू देऊ नका, झोका तर मुळीच बांधू नका. हे झाड वर्षाला जेमतेम अर्धा ते तीन इंच वाढतं. खरं तर ते युका नावाच्या वनस्पतीचाच एक प्रकार आहे, आपल्याला झाड वाटतं इतकंच. आणि त्याचं परागीभवन फक्त युकाचा छोटासा पतंग करतो. मादी फुलातले परागकण गोळा करते, दुसऱ्या फुलात अंडी घालते आणि पराग स्वतः नेऊन तिथे ठेवते. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला मिळतात. काकूंना सांगताना उंबराचं उदाहरण द्या. उंबर फोडल्यावर आत चिलटं निघतात ना, तसंच नातं. उंबराशिवाय ते चिलट नाही, चिलटाशिवाय उंबर नाही.

रात्री गाडीचे दिवे बंद करून वीस मिनिटं अंधारात थांबा. २०१७ पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं पार्क आहे. चंद्र कधी उगवतो ते आधी बघून ठेवा. तुमच्या तारखांना कृत्तिका संध्याकाळीच पूर्वेला असतील, शर्मिष्ठा उत्तरेला उंच, आणि डोळे सरावले की देवयानीतली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसेल.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉटेल घेतलं, कंगवे घेतले, पाण्याचे कॅन आणले. एक शंका: बाबांसोबत मुलीला रायन माउंटनवर पाठवू का?

कातळवेडा

नऊ वर्षांची मुलगी चालणारी असेल तर जरूर. दोघांच्या बाटल्या वेगळ्या ठेवा आणि तिची बाटली काकांनी तपासत राहायची. सोबत तिसरं माणूस असू द्या.

इंद्रायणीकाठ

कालच परत आलो. ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना कळवायलाच हवं.

बाबा, नवरा आणि लेक माथ्यावर जाऊन आले, दोन तास वीस मिनिटांत. बाबांनी वरच्या पाटीसमोर लेकीचा फोटो काढला आणि तो फोटो पुण्याच्या त्यांच्या रविवारच्या ग्रुपवर सगळ्यांच्या आधी पोचला (म्हणजे रेंज मिळाल्यावर). चूक माझीच झाली. शनिवारी हवा इतकी छान गार होती की मुलांना पाजत राहिले आणि स्वतः पाणी प्यायलेच नाही. बार्कर डॅमला दोन वाजता डोकं असं ठणकायला लागलं की सावलीला बसावं लागलं. आईने लिंबाचं पाणी पाजलं, अर्ध्या तासाने बरं वाटलं. दादा, तुम्ही लिहिलं होतं तसंच, अंगावर घामाचा थेंबही नव्हता.

आईला हिडन व्हॅलीच्या पायऱ्या जड गेल्या, अर्ध्यातून परतलो. कॅप रॉक मात्र तिने दोनदा केला. पण रात्री तिने जे केलं ते आम्हाला अपेक्षित नव्हतं. दिवे बंद केल्यावर ती गप्प उभी होती, आणि मग एकेक नक्षत्राचं नाव घेऊन लेकीला दाखवायला लागली. आजोबांनी तिला लहानपणी वाईला गच्चीवर शिकवलं होतं म्हणे. इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं. कृत्तिकांमध्ये लेकीला सहा तारे दिसले, आईला चष्म्यातून पाच.

चोयाचा एक तुकडा मुलाच्या बुटाला लागलाच. कंगव्याने दोन सेकंदांत निघाला. मिरजोळी ताई, धन्यवाद.

नवी_मुंबईकर

छान धागा! आम्हाला मार्चमध्ये फुलं बघायला जायचंय, दीड वर्षाचं बाळ आहे. स्ट्रोलर चालेल का?

उंबरठा

कॅप रॉकला चालेल, बाकी ठिकाणी बाळाला बसवायची पाठीवरची पिशवी बरी. फुलं हिवाळ्यात पाऊस किती झाला त्यावर अवलंबून असतात. कॉटनवुडची बाजू सखल असल्याने तिथे आधी फुलतं, म्हणून मार्चमध्ये दक्षिणेच्या फाटकातून आत शिरा. त्या दिवसांत मधमाश्या पाण्याच्या शोधात असतात, गाडीच्या एसीच्या ओलीवरसुद्धा येतात. काचा बंद ठेवा आणि बाळाची दुधाची बाटली उघडी ठेवू नका.