फळीवर एक किंमत, बिलात दुसरी: नेमकं काय तपासायचं?

हिशेबी
मोठ्या स्टोअरमध्ये फळीवरच्या लेबलवर एक किंमत आणि बिलात दुसरी, असं का होतं? फरक दिसला तर काउंटरवर नेमकं काय मागायचं? मोठा पॅक नेहमी स्वस्तच पडतो का? आणि वस्तू परत करताना 'आमच्या पॉलिसीत बसत नाही' हे उत्तर कधी मान्य करायचं, कधी नाही? ठोस माहिती हवी आहे. 'जपून खरेदी करा' एवढ्यावर भागत नाही.

बिलतपास
किंमत आणि बिलाबद्दल सांगतो. पाकिटावरच्या नेहमीच्या बारकोडमध्ये किंमत नसते, फक्त वस्तूचा नंबर असतो. त्या नंबरासमोर दुकानाच्या सिस्टीममध्ये जी किंमत भरलेली असेल ती बिलात उतरते. सिस्टीममधली किंमत एका झटक्यात बदलते. कागदी लेबलं मात्र माणसांना फळीफळीवर जाऊन बदलावी लागतात आणि त्यात काही राहून जातात. त्यामुळे ऑफर सुरू होते किंवा संपते त्या दिवशी बिल जास्त बारकाईनं बघा.

पण आधी लेबल त्याच वस्तूचं आहे ना, याची खात्री करा. माल सरकतो, गिऱ्हाईकं उचललेली वस्तू भलत्याच जागी ठेवतात. लेबलवर बारीक अक्षरात बारकोड नंबर छापलेला असेल तर त्याचे शेवटचे चार-पाच आकडे पाकिटावरच्या नंबराशी ताडून बघा. लेबल ९०० मिलीचं आणि हातात १ लिटरची बाटली, असं फार वेळा होतं. ऑफरच्या लेबलवर आणखी दोन गोष्टी वाचायच्या: शेवटची तारीख, आणि सूट सगळ्यांना आहे की फक्त कार्ड किंवा ॲपवाल्यांना.

लेबल बरोबर असेल तर तिथल्या तिथे फोटो काढा. फोटोत किंमत, कोड आणि तारीख तिन्ही यायला हवं. स्कॅन होताना स्क्रीनवर नजर ठेवा आणि हरकत पैसे देण्याआधी घ्या. तेव्हा ती एक ओळ रद्द करून सुपरवायझरच्या परवानगीनं किंमत दुरुस्त करता येते. पैसे दिल्यावर तोच प्रकार परताव्यात जातो: वेगळा काउंटर, वेगळी रांग, आणि पैसे कार्डावर यायला काही दिवस. एक बारकावा: 'दोनवर एक फ्री'सारखी सूट बऱ्याच सिस्टीममध्ये सगळा माल स्कॅन झाल्यावर बिलाच्या शेवटी वजा होते. ती मधल्या ओळीत दिसली नाही म्हणून लगेच थांबवू नका, एकूण बेरजेआधी बघा.

दुकानाला फळीवरच्याच किमतीला माल द्यावा लागतो का, हे देशागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये बूट्स या औषधदुकानांच्या साखळीवरच्या १९५३ च्या खटल्यापासून, मांडलेला माल हे विक्रीचं बंधनकारक वचन धरलं जात नाही. दुकानदार त्या किमतीला विकायला नकार देऊ शकतो. मात्र दिशाभूल करणारी किंमत लावणं हा वेगळा गुन्हा ठरू शकतो. कॅनडात २००२ पासून एक ऐच्छिक संहिता आहे. ती स्वीकारलेल्या दुकानात स्कॅनची किंमत लेबलपेक्षा जास्त निघाली, तर १० डॉलरपर्यंतची वस्तू फुकट आणि त्याहून महाग असल्यास १० डॉलर कमी. म्हणजे 'तुमच्याकडे किंमत-अचूकतेचं धोरण आहे का?' हा प्रश्न काउंटरवर जरूर विचारा.

एककभाव
मोठा पॅक स्वस्तच, हा समज सोडा. लहान पॅकवर ऑफर लागली की मोठा पॅक सर्रास महाग ठरतो. तुलना एकाच आकड्यावर करा: दर किलो, दर लिटर किंवा दर नग. बऱ्याच लेबलांवर तो कोपऱ्यात छापलेला असतो. मात्र एककं सारखी आहेत का हे बघा. एका लेबलवर दर १०० ग्रॅम आणि शेजारच्या लेबलवर दर किलो असेल तर डोळा फसतो. डिटर्जंटमध्ये पावडर किलोत आणि लिक्विड लिटरमध्ये. तिथे पाकिटावर लिहिलेल्या धुण्यांच्या संख्येनं भागा. पेपर रोलला रोल मोजू नका, एकूण शीट किंवा मीटर मोजा. डब्यात पाण्यात ठेवलेला माल असेल तर पाणी गाळल्यावर उरणारं वजन धरा.

ऑफरची भाषाही आकड्यात उतरवून बघा. 'दोनवर एक फ्री' म्हणजे नगामागे ३३.३ टक्के सूट. '५० टक्के जास्त माल' म्हणजेही तेवढीच, ५० नव्हे. 'दुसरा नग अर्ध्या किमतीत' म्हणजे दोन्ही मिळून फक्त २५ टक्के. '२० टक्के आणि वर आणखी २० टक्के' म्हणजे ३६, कारण दुसरी सूट उरलेल्या ८० वर लागते. आणि पाकीट तेच, किंमत तीच, पण आतला माल ५०० ग्रॅमवरून ४५० वर आला असेल तर भाव ११.१ टक्क्यांनी वाढला. हे फक्त दर-किलोच्या आकड्यातच पकडता येतं.

सूट कुठल्या किमतीवर, हे समजणं सर्वात अवघड. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार, सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत 'आधीची किंमत' म्हणून दाखवावी लागते. जिथे असा नियम नाही तिथे खोडलेल्या आकड्याला महत्त्व देऊ नका, दर एककाच्या भावावर निर्णय घ्या.

हिशेबी
धन्यवाद, हे फार उपयोगी आहे. सुट्या मालाच्या स्टिकरवर किंमत असते, तिथेही सिस्टीमचाच भाव लागतो का?

बिलतपास
तिथे गणित उलटं आहे. काट्यावर निघणाऱ्या स्टिकरचा बारकोड बहुतेक २ नं सुरू होतो; २० ते २९ हे क्रमांक दुकानांच्या अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत. त्यात वस्तूच्या कोडबरोबर वजन किंवा रक्कमही भरलेली असते. म्हणून चूक बहुतेक काट्यावर होते. पहिली म्हणजे चुकीचा कोड दाबणं: स्टिकरवरचं मालाचं नाव वाचा. दुसरी म्हणजे डब्याचं वजन वजा न होणं. रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करायला सांगा, मग माल भरा. किलोचा दर १०० रुपये धरला तर ३० ग्रॅमच्या डब्याचेच ३ रुपये जास्त जातात.

परतावा_खिडकी
परत करण्याबद्दल. 'आवडलं नाही म्हणून परत' आणि 'वस्तू सदोष निघाली' हे दोन पूर्ण वेगळे दावे आहेत. काउंटरवर पहिल्याच वाक्यात कुठला दावा आहे ते सांगा. पहिला दावा बहुतांश ठिकाणी दुकानाच्या मर्जीवर चालतो: मुदत, न फोडलेलं पॅकिंग, बिल, वगळलेल्या वस्तू (आतले कपडे, सील फोडलेलं सॉफ्टवेअर, क्लिअरन्सचा माल). तिथे 'पॉलिसीत बसत नाही' हे उत्तर मान्य करावं लागतं. युरोपात १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क आहे, पण तो ऑनलाइनसारख्या दुरून केलेल्या खरेदीला. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला लोक तो चुकून लावतात.

सदोष मालाचा दावा कायद्यातून येतो. युरोपीय संघात नव्या वस्तूला किमान २ वर्षांची कायदेशीर हमी आहे आणि 'विकलेला माल परत घेणार नाही' अशी पाटी लावून ती टाळता येत नाही. 'कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा' असं सांगितलं तर नम्रपणे विचारा: बिल कुणी केलं? जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

तयारी खरेदीच्याच दिवशी करायची. थर्मल कागदावरचं बिल उष्णतेनं आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्यानं उडतं, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. इलेक्ट्रॉनिक वस्तूचा सिरीयल नंबर बिलात आहे का आणि खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का, हे दुकानातच बघा. नंबर जुळला नाही तर परत घेताना वाद ठरलेला. ऑफरच्या जोडीतली एकच वस्तू परत केली तर पूर्ण किंमत मिळत नाही. सूट वाटून उरलेली रक्कम येते किंवा आख्खी जोडी मागतात. पैशांऐवजी क्रेडिट नोट (त्याच दुकानात पुढे तेवढ्या रकमेची खरेदी करायची पावती) दिली तर तिची मुदत लगेच वाचा.

दुसरीकडची किंमत दाखवून भाव कमी करून मागणार असाल, तर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच हवा. मोठ्या साखळ्यांसाठी उत्पादक वेगळ्या शेपटीचे मॉडेल नंबर काढतात, आणि बहुतेक दावे तिथेच बाद होतात.