दुसरा क्लस्टर लावला की व्हॅक्यूम पडतो, मागच्या सडांना दगडी (कासेचा दाह) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
२४ एचएफ (होल्स्टीन) संकरित गाई, दोन क्लस्टरचं (सडांना लावायच्या चार कपांचे दोन संच) बकेट मिल्किंग मशीन. एक क्लस्टर लावला की व्हॅक्यूमचा काटा ४४ किलोपास्कलवर स्थिर. दुसरा लावला की ३६वर येतो आणि थरथरत राहतो. मग कप घसरतो, फस्सकन हवा शिरते आणि दुधाचे थेंब उलटे सडाच्या तोंडावर आपटतात. दगडी इथूनच शिरतेय असं वाटतं, कारण सीएमटीत (दगडी ओळखायच्या दुधाच्या चाचणीत) सात गाईंच्या मागच्या सडांचं दूध जेलीसारखं घट्ट होतंय.

पंपाचा पट्टा, तेल, रेग्युलेटरची (व्हॅक्यूम ठरावीक ठेवणाऱ्या झडपेची) जाळी, झाकणाचं रबर तपासलं. पल्सेटरचे (चोखणं-थांबणं चालवणारा भाग) ठोके मिनिटाला ६०, चोखणं-विश्रांतीचं प्रमाण ६०:४०. लायनर (कपातलं रबर) पाच महिन्यांचे आहेत. एका क्लस्टरवर रोज २४ धारा, म्हणजे २५०० धारांची मर्यादा साडेतीन महिन्यांतच संपली. नवे मागवलेत, पण नुसत्या जुन्या लायनरने व्हॅक्यूम एवढा पडेल असं वाटत नाही.

रेग्युलेटर बंद करून दोन्ही क्लस्टर लावले तरी काटा ३८च्या वर चढत नाही. मग पंप कमी पडतोय, की पाऊण इंची पाइपच बारीक आहे? दोन क्लस्टरला पंप मिनिटाला किती लिटर हवा ओढणारा घेतलाय, पाइप किती इंची, ते आकड्यांसह सांगा.

तोवर एकच क्लस्टर चालू आहे, बाधित गाई शेवटी, धारेनंतर ०.५ टक्के आयोडीनचं डिपिंग. गाई दुखऱ्या कासेने पाय झाडतायत, लवकर कळवा.