‘परिषद’ जाऊन ‘आयोग’ आला: फरक शब्दात आहे की पाटीत?

भाषांतरकार: एका आरोग्यविषयक पुस्तिकेचं भाषांतर करतेय. २०१९च्या कायद्याने डॉक्टरांच्या शिक्षण-नोंदणीवर देखरेख ठेवणारी जुनी भारतीय वैद्यक परिषद मोडीत काढली आणि २५ सप्टेंबर २०२०पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कामाला लागला. २०२३च्या दोन कायद्यांनी दंतवैद्यक आणि परिचर्या (नर्सिंग) यांनाही परिषदेऐवजी आयोगच दिला. मी मसुद्यात सगळीकडे ‘परिषद’च ठेवलं होतं, वाचकाच्या ओळखीचा शब्द म्हणून. संपादकबाईंनी प्रत्येक ठिकाणी तांबडी रेघ ओढलीय. एवढा फरक आहे का हो?

कोशकिडा: आहे, आणि धातूपासून आहे. परिषद म्हणजे परि + सद्, भोवती बसणं. आयोगात ‘युज्’ आहे, म्हणजे जोडणं, जुंपणं. नियुक्त, आयुक्त, नियोग ही सगळी त्याचीच भावंडं. परिषदेत मंडळी आपल्या हक्काने बसतात, आयोगावर त्यांना कोणीतरी जुंपतं. कायद्यातही नेमकं हेच झालं. १९५६च्या कायद्याखालच्या परिषदेत केंद्राने नेमलेले सदस्य होतेच, पण विद्यापीठांतून आणि राज्यांच्या नोंदवहीतल्या डॉक्टरांच्या मतांवर निवडून आलेलेही होते. नव्या आयोगात ३३ जण: एक अध्यक्ष, १० पदसिद्ध, २२ अर्धवेळ. सगळे पदामुळे आलेले किंवा नेमलेले.

काळा कोट: व्युत्पत्ती छान, पण तिच्यावर कायदा उभा करू नका. आपल्या विधान परिषदेत १२ जण राज्यपालनियुक्त असतात, तरी ती परिषदच. पत्रकार परिषदेत तर कोणीच निवडून येत नाही. आणि त्या २२ अर्धवेळांपैकी ९ जण राज्यांच्या वैद्यक परिषदांनी सुचवलेल्या नावांतून घेतात. म्हणजे परिषद मागच्या दाराने आत आहेच. महाराष्ट्र वैद्यक परिषद तर १९६५च्या कायद्याने अजून उभी आहे, तिथे डॉक्टर मतदानही करतात. तेव्हा ताई, राज्याच्या संदर्भात ‘परिषद’ खोडू नका, तिथे संपादकबाई चुकतील.

खरी गंमत दुसऱ्याच शब्दात आहे. जुन्या परिषदेवर ताशेरे ओढणारा संसदीय स्थायी समितीचा अहवाल मार्च २०१६मध्ये आला. नियामक निवडणुकीतून येऊ नये, निवड समितीने पारखून घ्यावा, असा त्याचा रोख. आता हे सुटसुटीत मराठीत सांगून बघा: ‘निवडून आलेले नकोत, निवडलेले हवेत.’ वाचणारा म्हणेल, लेखकाला झोप आली असावी.

कोशकिडा: वा! ‘निवडणे’ एकच, सगळा भार साहाय्यक क्रियापदावर. ‘निवडून येणे’ म्हटलं की मतपेटी दिसते, ‘निवड होणे’ म्हटलं की मुलाखत. (घरात तांदूळही निवडतात, पण तो निवडून येत नाही.) हिंदीत ‘निर्वाचित’ आणि ‘चयनित’ असे दोन डबे तयार आहेत. आपण ‘निर्वाचित’ घेतला, पण तो कागदावरच राहिला.

रात्रपाळी: मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. आमची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. ड्युटीवर आम्ही तिला ‘कौन्सिल’च म्हणतो. ‘कौन्सिलचं रिन्यूअल झालं का?’ एवढाच आमचा तिच्याशी संबंध. उद्या तिचं काहीही झालं तरी तोंडात कौन्सिलच राहणार. माझ्या हुद्द्याचं बघा ना. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी सरकारी चढण आहे, पण वॉर्डात सगळ्या ‘सिस्टर’. पुस्तिका पेशंटसाठी असेल तर कंसात जुनं नाव द्याच.

सूक्ष्मदर्शी: तुमच्या नावांचं तरी बरं आहे. आम्ही लॅबवाले आजवर ‘निमवैद्यकीय’, म्हणजे निमशहरी असतं तसे अर्धवट. २०२१च्या कायद्याने आमच्यासाठी, फिजिओथेरपीवाल्यांसाठी, आहारतज्ज्ञांसाठी वेगळा राष्ट्रीय आयोग केला, १० गट पाडून. हिंदी नावात आम्ही ‘सहबद्ध’. कोणाला बांधलंय, विचारू नका. बातम्यांत ‘संलग्न’ वाचतो, तेही कॉलेजसारखं वाटतं. ‘सहयोगी’ चालेल का? पण सहयोगी प्राध्यापक आडवा येतो.

काळा कोट: नाव कायद्यात काहीही असो, मजकुरात सरळ ‘डॉक्टर-परिचारिकांखेरीज इतर आरोग्य व्यावसायिक’ लिहा. लांब आहे, पण कोणाला निम करत नाही.

सूक्ष्मदर्शी: ‘इतर’ही बोचतं हो.

भाषांतरकार: मान्य, ‘इतर’ काढते, व्यवसायांची नावंच लिहिते. केंद्राचा ‘आयोग’, राज्याची ‘परिषद’, पहिल्या उल्लेखाला कंसात जुनं नाव. ‘निवडलेले’ ऐवजी ‘नेमलेले’. एक उरलंच: त्याच हिंदी नावात व्यवसायाला ‘वृत्ति’ म्हटलंय. आपल्याकडे वृत्ती म्हणजे स्वभाव, ‘शिष्यवृत्ती’ सोडली तर. ‘आरोग्य वृत्ती आयोग’ असं लिहिलं तर लोक काय समजतील?

कोशकिडा: जोशीपणाची वृत्ती, कुलकर्णाची वृत्ती हे जुन्या कागदांत उपजीविकेच्या अर्थानेच येतं. अर्थ आपलाच आहे, फक्त गावाबाहेर राहायला गेलाय. तरी पेशंटसाठीच्या पुस्तिकेत ‘व्यवसाय’ बरा. व्यवसाय कर सगळेच भरतात.