मदत हवी आहे: रिसीव्हरवर कुठला सराउंड मोड लावायचा? संवाद कळतच नाहीत

वैतागलेला_श्रोता
जाणकारांनी लवकर सांगा, डोकं फिरायची वेळ आलीय. टीव्हीचा आवाज स्पीकरांना देणारा नवा रिसीव्हर आहे. रिमोटवरचं बटण दाबलं की नावांची रांगच लागते: स्टीरिओ, मल्टी चॅनल स्टीरिओ, डॉल्बी सराउंड, न्यूरल एक्स, शिवाय मूव्ही, म्युझिक, गेम. सध्या मल्टी चॅनल स्टीरिओवर ठेवलंय, कारण मागचे स्पीकर त्यातच दणकून वाजतात. पण पात्रं तोंडावर पदर घेऊन बोलल्यासारखी वाटतात आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत धावावं लागतं. मॅन्युअल वाचा म्हणू नका, वाचलंय. फक्त मोडचं नाव सांगा.

वायरगुंता
स्पीकर किती? चित्रपट कशावरून लावता? टीव्हीचा आवाज रिसीव्हरपर्यंत कुठल्या वायरने येतो?

जुना_रेडिओ
दोन चांगले स्पीकर, स्टीरिओ मोड, विषय संपला. देवाने कान दोनच दिलेत.

वैतागलेला_श्रोता
स्पीकर पाच आणि सबवूफर, नेहमीचंच. टीव्हीतल्याच ॲपवर बघतो. वायरचा आणि मोडचा काय संबंध?

खर्जातला
मोड सोडा हो. आधी सगळे स्पीकर 'लार्ज' करा. मी केल्यापासून आवाज भरीव झालाय.

कानोसा
खर्जातला, कृपया नवख्या माणसाला हे सांगू नका. लार्ज-स्मॉलचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही. 'स्मॉल' म्हणजे ठरलेल्या रेषेखालचा खर्ज या स्पीकरला न देता सबवूफरकडे पाठव. ती रेषा 80 हर्ट्झला ठेवली की बहुतेक घरांत जमून जातं.

खर्जातला
लार्ज ठेवलं तरी एलएफई, म्हणजे दणक्यांचा वेगळा खर्ज चॅनल, सबलाच जातो. उगाच घाबरवू नका.

कानोसा
एलएफई जातो, ते बरोबर. पण तो 5.1 मधला फक्त '.1'. उरलेल्या पाच चॅनलमध्येही खर्ज असतो, तो लहान स्पीकरच्या गळ्यात मारून काय मिळणार? आणि सबवर स्वतःचं क्रॉसओव्हरचं, म्हणजे हीच रेषा ठरवणारं, बटण असेल तर ते पूर्ण वर फिरवून ठेवायचं, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक लागतात.

खर्जातला
माझे टॉवर आहेत, लहान नाहीत.

कानोसा
प्रश्न तुमचा नाहीये.

सोपे_उपाय
अवांतर: वायरची टोकं नुसती पिळून लावू नका, बनाना प्लग घ्या. फार सोयीचे.

वायरगुंता
वैतागलेला_श्रोता, संबंध आहे म्हणून तर विचारतोय. चित्रपट चालू असताना रिसीव्हरचं इन्फो बटण दाबा. येणारा सिग्नल कुठला दिसतो? मोडचं नाव नको, सिग्नलचं.

वैतागलेला_श्रोता
पीसीएम, 2.0, 48 किलोहर्ट्झ. वायर एचडीएमआय, एआरसी लिहिलेल्या खाचेत. आता तरी मोड सांगा!

वायरगुंता
सापडलं. टीव्ही पाच चॅनलची मोट बांधून दोनच पुढे पाठवतोय. मल्टी चॅनल स्टीरिओ तेच दोन सगळ्या स्पीकरवर वाजवतो, म्हणून मागचे दणकून वाजतात. तो सराउंड नव्हे. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वरून 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करा, म्हणजे टीव्ही आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे देईल. एआरसीवरून (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरने उलट रिसीव्हरकडे नेणारी सोय) 5.1 वालं डॉल्बी डिजिटल प्लस जातं, ॲपवरच्या चित्रपटांना तेवढं पुरे. ईएआरसी, म्हणजे त्याची पुढची आवृत्ती, लागतं ते डिस्कवरच्या ट्रूएचडीसारख्या, काही न गाळलेल्या आवाजाला.
मग मोड 'ऑटो', म्हणजे येईल तसंच वाजवणारा. डॉल्बी सराउंड आणि न्यूरल एक्स हे दोन चॅनलचे जास्त करून दाखवणारे मोड; जुने चित्रपट, बातम्या यांना लावा. आलेलं मुळात 5.1 असेल तर पाच स्पीकरांवर त्यांना काही काम नाही.

जुना_रेडिओ
एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्टीरिओ. संवाद बरोबर मधून येतात.

वायरगुंता
बरोबर मध्ये बसलात तर. कडेला बसणाऱ्याला जवळच्या स्पीकरमधून येतात. 5.1 मध्ये बहुतेक संवाद सेंटरला, म्हणजे मधल्या स्पीकरला, असतात ते उगाच नाही.

वैतागलेला_श्रोता
केलं. डॉल्बी डिजिटल प्लस 5.1 दिसतंय. मागून आता फक्त पावसाचा आवाज येतो, तो प्रकार भारी आहे. पण संवाद अजून पुटपुटतातच! म्हणजे ऑटो चुकीचा ना?

कानोसा
मोडवर खापर फोडू नका. सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. रात्री बघत असाल तर डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन चालू करा, दणके खाली येतील आणि बोलणं वर. माइक लावून ऑटो सेटअप केलंय का, ज्यात रिसीव्हर स्पीकरांच्या पातळ्या आणि अंतरं स्वतः मोजतो? माइक कानाच्या उंचीवर हवा, सोफ्याच्या पाठीवर टेकवून नको.

सोपे_उपाय
माइक नसेल तर बसायच्या जागेपासून स्पीकरांची अंतरं टेपने मोजून भरा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, त्या हिशेबाने रिसीव्हर जवळचे स्पीकर जरा उशिरा वाजवतो, म्हणजे सगळ्यांचा आवाज एकदमच पोचतो.

वायरगुंता
सेंटर ठेवलाय कुठे?

वैतागलेला_श्रोता
टीव्हीखालच्या कपाटात, आतल्या बाजूला. पुढे ठेवला तर काचेचं दार लागत नाही.

कानोसा
दार लावून चित्रपट बघता?

वैतागलेला_श्रोता
धूळ बसते.

वायरगुंता
दार उघडा, सेंटर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा, खाली पुढून काहीतरी सरकवून तोंड कानांकडे करा. तोच प्रसंग परत लावा. डेसिबलचं त्यानंतर बघू.

खर्जातला
आणि एकदा लार्ज करून बघायला काय हरकत आहे?