पीकॉक ईलचं स्केच काढायला जातो आणि दर वेळी सापच होतो, काय चुकतंय?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी, तीन महिन्यांपासून टँकमध्ये एक पीकॉक ईल (सापासारखा लांबुळका मासा) पाळलीय, साधारण वीतभर लांब. जीव जडलाय तिच्यावर, म्हणून रोज वही घेऊन समोर बसतो पण दिवसभर बाई दगडामागे दडून, आणि बाहेर आलीच तर कागदावर जे उतरतं त्याला घरातले साप म्हणतात. शिवाय पोटाखाली बारीक ओरखडे दिसतायत. तळाला नेहमीची खडी आहे, त्यानेच होत असेल का?

पाणवेडा:
हो, खडीच. आधी ती काढ, स्केच नंतर. ही काटेरी वाम, हिला नाकाने उकरत वाळूत शिरायची सवय, आणि खडीत तेच करताना कातडी सोलवटते, मग तिथेच फंगस धरतं. बारीक मऊ वाळू घाल, तीन-चार इंच. औषध हाताला येईल ते ओतू नकोस, विशेषतः कॉपरवालं (तांबं असलेलं), या माशांना ते झेपत नाही. आणि झाकण! वायर-पाइपच्या फटीसुद्धा स्पंजने बुजव, माझी एक तेवढ्याशा फटीतून रात्री बाहेर पडली आणि सकाळी फरशीवर सुकलेली सापडली, अजून आठवलं की कसंतरी होतं. खायला लाइट गेल्यावर गांडूळ नाहीतर फ्रोजन ब्लडवर्म (लाल अळ्या) दे, कोरडे दाणे बहुतेक जणी तोंडात घेत नाहीत.

शाईडाग:
मी वर्षभर हेच काढतेय म्हणून सांगते. तू बहुतेक बाहेरच्या दोन रेघा आधी ओढतोस, त्याने नळी होते, आणि नळीला डोळा काढला की साप. आधी एकच रेघ, पाठीच्या कण्याची, एका दमात. वळण डोक्याकडे कमी, शेपटीकडे वाढत जातं. मग त्या रेघेवर ठिकठिकाणी आडवे छेद काढ, पुढे जरा गोलसर आणि मागे दोन्ही बाजूंनी चपटे. अंग वळलं की पाठीवरचा पर कधी आपल्याकडे येतो कधी पलीकडे जातो, तो कुठे दिसेनासा होतो तेवढं नीट टिपलंस तरी चित्र जिवंत होतं. कल्ल्यामागचे दोन छोटे पर विसरू नकोस, ते सतत पंख्यासारखे हलत असतात आणि सापाला ते नसतातच. पाठीच्या पराआधी सुट्या काट्यांची रांग असते, ती एरवी अंगाला चिकटलेली, त्यामुळे नुसती ठिपक्यांनी सुचव. मागच्या भागात पराच्या बुडाशी डोळ्यासारखे गोल ठिपके असतात, ते मात्र मोजून काढ. आणि पीकॉकची शेपटी पाठीच्या परापासून सुटी असते, फायर ईलसारखी (हिचीच मोठी जातभाई) त्या पराला जोडलेली नाही.

पाणवेडा:
फायर ईलचा विषय निघालाय म्हणून सांगतो, ती घ्यायचा मोह झाला तरी थांब, टँकमध्येसुद्धा दीड-दोन फूट सहज होते.

रेघोट्या:
दोघांचे मनापासून आभार. खडी काढून वाळू घातली, आज चौथा दिवस, ओरखडे फिके झालेत. आणि काल संध्याकाळी वाळूतून फक्त नाक वर आलं होतं, मधे लवचिक टोक आणि दोन्ही बाजूंना नाकपुडीची एकेक नळी, ते टोक सारखं इकडेतिकडे चाचपत होतं. दहा मिनिटं जागची हलली नाही! पानभर नुसतं नाकच काढलंय, या वेळी कोणी साप म्हटलं नाही. उद्या मंद लाल लाइट लावून रात्री कण्याची रेघ करून बघतो, फोटो टाकतो.