सकाळी सेल्फ मारला की एबीएस, स्टेअरिंग, एअरबॅग सगळे दिवे एकदम, बॅटरी की मॉड्युल?

कोथरूडची_मीरा
बाबांची पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१९ची, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) नाही. हल्ली गाडी बरीचशी सोसायटीत उभीच असते, फार तर कर्वे रोडपर्यंत जाऊन येणं. गेले काही आठवडे सकाळी सेल्फ मारला की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर मंद होतात, म्युझिक सिस्टीम बंद होऊन परत चालू होते, घड्याळ १२:०० वर जातं आणि मग एबीएस, स्टेअरिंग, एअरबॅग तिन्ही दिवे लागलेले. थोडं चाललं की दोन जातात, स्टेअरिंगचा राहतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले स्टेअरिंगचं कंट्रोल युनिट गेलंय, खर्च चाळीस हजारांच्या वर. बॅटरी चेक केली का विचारलं तर म्हणे १२.५ दाखवतेय, बॅटरी ओके. बाबा पैसे भरायला तयार झालेत, मीच थांबवलंय. आधी काय बघू?

पाना_नंबर_दहा
ताई एकदम बरोबर थांबवलंत, अजिबात युनिट बदलू नका. तीन वेगवेगळ्या सिस्टीम एकाच क्षणी बिघडत नाहीत हो, तिघींना जे कॉमन आहे ते बघायचं आणि कॉमन आहे तो सप्लाय. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर खेचतो, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त, दमलेली बॅटरी तेवढ्यात ९ व्होल्टच्या खाली जाते, मग मॉड्युल, म्हणजे ही कंट्रोल युनिटं, रिसेट होतात आणि उठल्यावर फॉल्ट दाखवतात. इलेक्ट्रिक स्टेअरिंग आधी ओरडतं कारण जागेवर चाक वळवताना त्याची मोटर भरपूर करंट मागते.

आणि ते १२.५ म्हणजे नुसतं उभ्या गाडीचं रीडिंग. बॅटरी जुनी झाली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं, लोड नसताना व्होल्टेज छान दिसतं आणि लोड आला की बसते. साधा मल्टिमीटर घ्या, रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी दरवाजा, लाइट काही न लावता बघा, १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी. मग बाबांना सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरवर नजर ठेवा, आकडा ९.६च्या खाली जाता कामा नये. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५च्या मध्ये दिसलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. एक लक्षात ठेवा, गाडी आत्ताच फिरवून आणली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो, ते रीडिंग धरू नका.

भोसरी_वायरमन
वरच्याशी सहमत, पण लगेच नवीन बॅटरी आणायला पळू नका. माझं काम ऑटो इलेक्ट्रिकचंच आहे आणि पावसाळा संपला की अशा गाड्या रांगेने येतात, त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या चांगल्या असतात, दोष टर्मिनलला किंवा अर्थिंगच्या पट्टीला (निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीला जाणारी) असतो. बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा, हललं तर तिथेच उत्तर. पांढरी-हिरवट बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने घासा, पण आधी निगेटिव्ह काढायचा, लावताना निगेटिव्ह शेवटी.

खरी टेस्ट सांगतो, कोणी करत नाही. मीटरचा एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरा त्याच खुंटीवर बसलेल्या क्लॅम्पवर, दोन्हीत बोटभर पण अंतर नाही, आणि सेल्फ मारा. ०.२ पेक्षा जास्त व्होल्ट दाखवले तर तो सांधा खराब. मग निगेटिव्ह खुंटी ते इंजिनचा ब्लॉक, तिथेही तेच. बाहेरून चकचकीत दिसणारा क्लॅम्प आतून काळा असतो कित्येकदा.

कोथरूडची_मीरा
मीटर आणला आणि सगळं बघितलं. सकाळी १२.४३, सेल्फ मारताना ८.७, चालू झाल्यावर १४.२. प्लस क्लॅम्प ०.०४, निगेटिव्ह ते ब्लॉक ०.१. टर्मिनल घट्ट आहेत.

पाना_नंबर_दहा
मग झालं, सांधे ठीक, चार्जिंग ठीक, बॅटरीच गेली. तरी दुकानात कंडक्टन्स टेस्टर लावून सीसीएचा, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवायच्या ताकदीचा, आकडा बघायला सांगा, स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याच्या अर्ध्यावर आली असेल तर बाबांनाही पटेल. पुण्यातला उन्हाळा बॅटरीला आतून खातो आणि ते समजतं डिसेंबरच्या गारठ्यात, त्यात आपलं दोन-तीन किलोमीटर फिरणं, सेल्फने खाल्लेलं भरून निघायच्या आत गाडी परत पार्किंगला.

सिंहगड_रोड_७
डॅशकॅम बसवलाय का? असेल आणि तो गाडी बंद असतानाही करंट खात असेल तर नवीन बॅटरी पण अशीच बसेल. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास झोपू द्या, मग निगेटिव्हच्या लाइनमध्ये मीटर टाकून करंट बघा, साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत पाहिजे. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याला आकडा पडेल ते सर्किट. मीटर लाइनमध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

कोथरूडची_मीरा
डॅशकॅम नाही. बॅटरी घेताना काय बघायचं?

भोसरी_वायरमन
साइज, अँपिअर-आवर आणि प्लस कुठल्या बाजूला हे जुन्यासारखंच, नाहीतर वायर ओढून लावतात आणि ती घासत राहते. बनवल्याची तारीख बघा, महिनोन्महिने शेल्फवर पडलेली घेऊ नका. नाना पेठेत दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, जुनी परत दिली की पैसे कमी होतात, वॉरंटी कार्डावर गाडीचा नंबर आणि शिक्का तिथल्या तिथे घ्या. काही गाड्यांची म्युझिक सिस्टीम बॅटरी काढल्यावर कोड मागते, तो मॅन्युअलच्या पाकिटात आधी शोधून ठेवा. बसवल्यावर ऑटो काच एकदा पूर्ण वर नेऊन बटण दाबून धरा. स्टेअरिंगचा दिवा राहिलाच तर इंजिन चालू ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, तरी नाही गेला तर स्कॅनरने जुना कोड पुसून घ्या. पुसल्यावर परत आला तरच युनिटचा विचार.